तळं, गीस आणि मक्याचं तेल

आमच्या वसाहतीतल्या तळ्याला नाव नाही. टाउनशिपच्या नकाशावर त्याचा उल्लेख 'बेसिन' एवढाच आहे. न्यू जर्सीत नवी घरं बांधली की छपरांवरचं आणि रस्त्यांवरचं पावसाचं पाणी सरळ ओढ्यात सोडून देता येत नाही, ते आधी कुठेतरी अडवावं लागतं. त्यासाठी बिल्डरने हे तळं खोदलं, भोवती पाण्यापर्यंत उतरत जाणारी हिरवळ केली, फिरायला पायवाट केली आणि चार बाकं टाकली. आम्ही राहायला आलो तेव्हा तळ्यावर कॅनडा गीसच्या दोन-तीन जोड्या होत्या. गूस म्हणजे बदकापेक्षा मोठा, लांब मानेचा पाणपक्षी; गीस हे त्याचं अनेकवचन. काळी मान, गालावर पांढरा पट्टा, तपकिरी अंग असे देखणे पक्षी. काही वर्षांत परिस्थिती अशी झाली की उन्हाळ्याच्या शेवटी पायवाटेवर विष्ठा चुकवून पाऊल टाकणं अवघड झालं. व्हीलचेअरवरून फिरणाऱ्या एका आजींनी तिकडे जाणं सोडलं. मुलांचं फुटबॉल बंद पडलं. वसंतात क्लबहाउसच्या दारालगतच्या झुडपात एका मादीने घरटं केलं, तेव्हा तिचा नर टपाल घेऊन येणाऱ्या बाईंच्या अंगावर धावून गेला.

माझं बालपण भिगवणजवळ गेलं. उजनीच्या फुगवट्यावर थंडीत हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब, म्हणजे तिकडचे गीसच, आम्ही पाहायला जायचो. मार्च उजाडला की ते परत जात. त्यामुळे आपल्या दारातले गीस बारा महिने इथेच कसे, हा प्रश्न मला पहिल्या वर्षापासून पडला होता. घरमालकांच्या असोसिएशनच्या बोर्डाने या प्रश्नासाठी समिती करायची ठरवली तेव्हा मी स्वतःहून नाव दिलं. त्यामागे भीतीही होती. जून-जुलैत हे पक्षी पिसं टाकतात आणि महिनाभर उडू शकत नाहीत. त्या काळात त्यांना जाळीच्या कुंपणात हाकलून, खोक्यांत भरून मारता येतं. २०१० साली न्यूयॉर्कच्या प्रॉस्पेक्ट पार्कात असे जवळपास ४०० गीस पकडून वायूने मारले गेले. आदल्या वर्षी, १५ जानेवारी २००९ला, उड्डाण घेतल्यावर काही मिनिटांतच गीसच्या थव्याशी धडक होऊन विमान हडसन नदीत उतरवावं लागलं होतं, त्याची ती प्रतिक्रिया होती. पुढे स्मिथसोनियन या संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी इंजिनात सापडलेल्या पिसांची तपासणी केली. ते गीस न्यूयॉर्कच्या बागांमधले नव्हते, कॅनडातल्या लॅब्रॅडॉरकडून आलेले स्थलांतरित होते. आमच्या बैठकीत 'सरकारी माणसं बोलवा आणि एकदाचं संपवा' हे वाक्य कुणीतरी उच्चारलं, तेव्हाच मी ठरवलं की हे काम आपण करायचं.

आधी मी वाचायला बसले. गोष्ट उलगडत गेली तशी पक्ष्यांबद्दलची माझी चीड उरली नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शिकारी लोक पाळीव गीस तळ्यावर बांधून ठेवत, म्हणजे वरून जाणारे थवे त्यांच्या ओढीने खाली उतरत. १९३५ साली या जिवंत आमिषावर बंदी आली आणि पाळलेले कळप सोडून दिले गेले. या पक्ष्यांना स्थलांतराचा रस्ता ठाऊकच नव्हता, कारण तो पिलं आईबापांबरोबर उडून शिकतात. याच जातीतला सर्वांत मोठा प्रकार, जायंट कॅनडा गूस, नामशेष झाला असं मानलं जात होतं. १९६२ साली मिनेसोटातल्या रॉचेस्टरच्या सिल्व्हर लेकवर जीवशास्त्रज्ञ हॅरॉल्ड हॅन्सन यांना तो थव्याने सापडला. मग राज्याराज्यांनी हौसेने त्याची पैदास करून ठिकठिकाणी सोडला. त्यानंतर उपनगरं वाढली, प्रत्येक वसाहतीला एक तळं आणि भोवती केंटकी ब्लूग्रासची हिरवळ आली. कोवळं, सतत कापलेलं गवत हे गूसचं आवडतं खाणं. काठ उघडा असला की कोल्हा किंवा कायोटी (इथला लांडग्यासारखा प्राणी) लांबून दिसतो आणि पिलं दोन पावलांत पाण्यात उतरतात. शिकार करायला बंदी, थंडीतही न गोठणारं पाणी आणि वरून ब्रेड टाकणारी माणसं. आपणच त्यांच्यासाठी इतकी सोय करून ठेवली तर ते उत्तरेला कशासाठी जातील?

समितीत पहिल्यांदा झटपट उपायांचीच चर्चा झाली. प्लॅस्टिकचा कायोटी आणला गेला. एका आठवड्यात पिलं त्याच्या पायांशी चरत होती. अशा वस्तू रोज जागा बदलून ठेवल्या तर काही काळ चालतात, पण रोज त्या कोण हलवणार? द्राक्षाला वास देणाऱ्या मिथाइल अँथ्रॅनिलेटचा फवारा गवतावर मारतात, तो त्यांना चवीला नकोसा वाटतो. पण पाऊस पडला की तो धुऊन जातो आणि गवत कापलं की त्याच्याबरोबर निघून जातो. बॉर्डर कॉली कुत्रे हा त्यातल्या त्यात चांगला मार्ग. शिकवलेला कॉली मेंढ्या वळवाव्या तशी नजर रोखून दबत पुढे सरकतो, पक्ष्याला शिवत नाही, आणि गीस त्याला खरोखर घाबरतात. सुरुवातीला दिवसातून अनेकदा आणि वेगवेगळ्या वेळी कुत्रा आणावा लागतो, नाहीतर ते त्याची वेळ ओळखतात. आम्ही एक हंगाम हे केलं. कुत्रा येत होता तोवर तळं रिकामं होतं, करार संपला आणि थवा परतला. शिवाय एकदा मादी अंड्यांवर बसली की कुत्र्याचा उपयोग उरत नाही, ती जागा सोडत नाही.

मग हंसांचा प्रस्ताव आला. त्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण हा सल्ला इथे सगळीकडे दिला जातो आणि तो धोक्याचा आहे. हंस आपल्या हद्दीत गूसला टिकू देत नाहीत, म्हणून पंख छाटलेली जोडी विकत आणून तळ्यात सोडायची, अशी ती कल्पना. दिसायलाही सुंदर, असं म्हणून बोर्डातल्या निम्म्या लोकांनी मान डोलावली. मी दोन गोष्टी समोर ठेवल्या. पहिली शिकागोजवळच्या डेस प्लेन्स गावातली. तिथे निवासी संकुलाच्या तळ्यात गीसना दूर ठेवण्यासाठी असेच हंस ठेवले होते. एप्रिल २०१२ मध्ये त्यांची देखभाल करणारा तरुण कायाकमधून गेला असताना हंसाने हल्ला केला, कायाक उलटली आणि तो बुडून मेला. हंसाच्या पंखाने माणसाचा हात मोडतो, असं लोक सांगत असतात. खरा धोका आहे तो पाण्यात तोल जाण्याचा.

दुसरी गोष्ट मी स्वतः पाहिलेली. आम्ही उन्हाळ्यात ज्या मोठ्या तळ्यावर कायाक चालवतो तिथे म्यूट स्वान, म्हणजे चोचीवर नारिंगी रंग आणि काळी गाठ असलेल्या हंसांची जोडी राहते. वसंतात त्यांचं घरटं वेतासारख्या उंच गवतात असतं. घरट्याच्या दिशेने बोट वळली की नर दोन्ही पंख पाठीवर कमानीसारखे उभारतो, मान मागे दुमडतो आणि दोन्ही पायांनी एकदम पाणी लोटत झटक्याझटक्याने अंगावर येतो. पंख उभारल्याचं दिसताच आम्ही बोट मागे घेतो आणि समोरच्या काठाच्या कडेकडेने जातो. वल्हं त्याच्या दिशेने उगारायचं नाही, पण आपल्या आणि त्याच्या मध्ये ते आडवं असू द्यायचं, आणि मुलांना वेगळ्या कायाकमध्ये पुढे जाऊ द्यायचं नाही, हे आम्ही पाळतो. त्याच तळ्याच्या दुसऱ्या टोकाला गीस खुशाल चरत असतात. हंसाला आपल्या घरट्याभोवतालचं पाणी राखायचं असतं, गवताशी त्याला देणंघेणं नसतं. विणीचा काळ सरला की त्याचा तो आवेशही ओसरतो. म्हणजे गूस हटवायला आणलेला हंस ऑगस्टमध्ये, आम्हाला सर्वांत जास्त गरज असते तेव्हा, काहीच करणार नाही.

शिवाय हा पक्षी मूळचा इथला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस श्रीमंतांच्या बागांसाठी तो युरोपातून आणला गेला. मेरीलँडमध्ये १९६२ साली एका तळ्यातून ५ हंस सुटले आणि १९९९ पर्यंत चेसापीकच्या खाडीत त्यांची संख्या ४,०००च्या आसपास गेली. एक हंस दिवसाला साडेतीन किलोपर्यंत पाणवनस्पती खातो, त्यातली बरीच मुळासकट उपटून. २००४ मध्ये अमेरिकी संसदेने कायदा बदलला आणि परदेशी जातीच्या या हंसाचं केंद्रीय संरक्षण काढलं. न्यूयॉर्क राज्याने पुढे सगळे रानटी म्यूट स्वान हटवण्याचा आराखडा जाहीर केला, तेव्हा लोकांनी एवढा विरोध केला की तो बदलावा लागला. एक पक्षी आणून सोडायचा, तो वाढला की त्याला दोषी ठरवायचं, हे गीसबाबत एकदा झालंच होतं. बोर्डाने हंसांचा विषय बाजूला ठेवला.

उरला अंड्यांचा मार्ग, म्हणजे घरट्यातल्या अंड्यांना तेल लावून त्यांतून पिलं होऊ न देण्याचा. यावर आमच्या वसाहतीत जेवढी चर्चा झाली तेवढी छपरं बदलण्याच्या खर्चावरही झाली नव्हती.

कॅनडा गूसला १९१८च्या मायग्रेटरी बर्ड ट्रीटी ॲक्टचं संरक्षण आहे. परवानगीवाचून पक्ष्याला इजा करणं किंवा अंड्यांना हात लावणं हा गुन्हा आहे. नुसतं हुसकावणं चालतं. मात्र बारमाही राहणाऱ्या गीसचा प्रश्न वाढल्यावर २००६ मध्ये यूएस फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिसने एक वाट करून दिली. जमिनीचा मालक, घरमालकांची असोसिएशन किंवा स्थानिक संस्था यांनी दरवर्षी इंटरनेटवर नोंदणी करायची. ती मोफत आहे. मग १ मार्च ते ३० जून या काळात घरटी आणि अंडी यांच्यावर काम करता येतं. प्रत्यक्ष काम कोण करणार त्यांची नावं द्यायची आणि किती घरट्यांवर काम झालं याचा अहवाल ३१ ऑक्टोबरपर्यंत भरायचा. प्रौढ पक्ष्याला हात लावायची मुभा यात नाही. काही राज्यांचे स्वतःचे वेगळे नियमही असतात, ते आधी पाहावे लागतात. आमची नोंदणी मी फेब्रुवारीतच केली. मार्चच्या मध्यापासून मादी अंडी घालू लागते, त्यामुळे त्यानंतर कागदपत्रांत वेळ घालवणं परवडत नाही.

कागद सोपे होते, माणसांना सामोरं जाणं कठीण. आमच्याकडे बरीच गुजराती, मराठी, दक्षिणी कुटुंबं आहेत. त्यातली काही जैन आहेत. एका शेजारणीने मला सरळ विचारलं, "ताई, तुम्ही स्वतः पक्षी बघायला जाता, आणि तुम्हीच अंडी मारणार?" मी तिला पद्धत समजावून सांगितली. अंड्यात गर्भ अगदी सुरुवातीच्या अवस्थेत असेल तरच त्याला तेल लावायचं, पुढे गेलेला असेल तर ते तसंच परत ठेवायचं, हा या कामाचा पहिला नियम. आणि हे केलं नाही तर पुढच्या वर्षी जूनमध्ये कुंपणं लावून मोठे पक्षी धरायचा ठराव येणार, हेही मी सांगितलं. ती म्हणाली, "तुमचं खरं असेल, पण माझं मत विरोधातच पडेल." तसं ते पडलं. तिचं म्हणणं खोडून काढता येत नाही, आणि मी तसा प्रयत्नही केला नाही. ठराव मंजूर झाला तेव्हा तिच्या विनंतीवरून आम्ही एवढं ठरवलं की काम करणाऱ्यांखेरीज कुणी तिथे जमायचं नाही आणि फोटो काढायचे नाहीत. मला ही अट फार योग्य वाटते.

वन्यजीवांसाठी काम करणाऱ्या एका गटाने आम्हाला शिकवलं. घरट्यावर किमान दोघांनी जायचं. एकाच्या हातात मोठी छत्री. नर मान जमिनीलगत पसरून फूत्कारत आला की छत्री त्याच्यासमोर उघडून आडोसा करायचा. मारायचं नाही, ढकलायचं नाही. पाठ फिरवून पळायचंही नाही, त्याच्याकडे पाहत हळूहळू मागे सरायचं. त्याच्या पंखाच्या सांध्यावर हाडाची गाठ असते, तिचा फटका चांगलाच बसतो. दुसरा माणूस मादीला हात न लावता हलकेच बाजूला व्हायला लावतो आणि अंडी घेतो. हातमोजे हवेतच. २०२२ पासून इथल्या रानपक्ष्यांमध्ये बर्ड फ्लू फिरतो आहे, त्यामुळे आम्ही मास्कही लावतो आणि बूट धुऊन घरी जातो.

घरटं म्हणजे सुकं गवत आणि मादीच्या छातीची मऊ पिसं. त्यात बहुधा पाच-सहा अंडी, मळकट पांढरी. दर दीड दिवसाला एक अंडं येतं आणि शेवटचं घातल्यावरच मादी उबवायला बसते, म्हणजे सगळी पिलं एकाच वेळी बाहेर यावीत. म्हणून आधी अंड्याला हात लावून पाहायचं. गार लागलं तर उबवणं सुरू झालेलं नाही आणि आणखी अंडी येणार आहेत. ऊबदार असेल तर पाण्याची परीक्षा. बादलीत पाणी घेऊन अंडं अलगद सोडायचं. ताजं अंडं तळाशी आडवं पडतं. उबवण सुरू झाली की कवचातून ओलावा उडतो, आतला हवेचा कप्पा मोठा होतो आणि अंड्याचं बोथट टोक वर उचललं जातं. अंडं तरंगून पाण्याबाहेर डोकावलं की समजायचं, दोन आठवडे उलटले. ते पुसून, होतं तसं ठेवायचं आणि निघून यायचं.

बाकीच्यांना मक्याचं तेल, स्वयंपाकात वापरतो तेच, पण शंभर टक्के मक्याचं. कवचावर हजारो सूक्ष्म छिद्रं असतात, त्यांतून गर्भ श्वास घेतो. सगळ्या कवचावर तेल चोळलं की ती बुजतात आणि वाढ थांबते. अंड्यावर पेन्सिलने खूण करायची आणि ते घरट्यात जसं होतं तसं पिसांनी झाकून ठेवायचं. अंडी उचलून नेली तर मादी थोड्याच दिवसांत दुसरीकडे पुन्हा घालते. खूण केलेली अंडी घरट्यात राहिली तर ती बसून राहते, अठ्ठावीस दिवस उलटतात, त्याहून अधिकही, आणि मग सोडते. तोवर पुन्हा अंडी घालायचा हंगाम निघून गेलेला असतो. आठवड्याभराने परत जाऊन खूण नसलेली नवी अंडी शोधायची.

मुदत संपल्यावरही बसून राहिलेल्या मादीला पाहणं मला जड जातं. दरवर्षी जातं. ते सोपं व्हावं अशी माझी इच्छाही नाही. पहिल्या वर्षी पार्किंगमागच्या बेटावरचं एक घरटं आम्हाला उशिरा सापडलं. अंडी तरंगली. आम्ही ती परत ठेवली, आणि मे महिन्यात पिवळी पिलं रांगेने पाण्यात उतरली. बोर्डातल्या एकांनी विचारलं, "मग एवढं सगळं केलं कशासाठी?" मी सांगितलं की ही मर्यादा पाळणार होतो म्हणूनच वसाहतीने आम्हाला परवानगी दिली, आणि ती पाळली जाणार नसेल तर मी या कामात नाही. त्यावर पुन्हा कुणी तो प्रश्न काढला नाही.

घरटी वेळेत सापडणं हाच या कामाचा कणा आहे, आणि तिथे आम्हाला अनपेक्षित मदत मिळाली. दरवर्षी मार्च-एप्रिलपासून वसाहतीत मुलांकडे आलेले आईवडील दिसू लागतात. पुण्याहून आलेले एक काका रोज पहाटे तळ्याला फेऱ्या मारायचे आणि पिशवीतून आदल्या दिवशीच्या पोळीचे तुकडे गीसना घालायचे. मी त्यांना थांबवायला गेले. म्हटलं, "काका, इथे यांना खायला घालायचं नसतं."

ते म्हणाले, "अगं, घरी मी रोज कावळ्यांना घास ठेवल्याशिवाय जेवत नाही. इथे कावळे येत नाहीत. मग यांना घालतो. यात काय वाईट?"

मी त्यांना बाकावर बसवून सांगितलं. राज्याच्या पावसाळी पाण्याच्या नियमांमुळे इथल्या गावांनी सार्वजनिक जागी रानपक्ष्यांना खाऊ घालायला बंदी केली आहे. पण कायद्यापेक्षा मोठं कारण म्हणजे, पोळीच्या आशेने थवा एका जागी जमतो, गर्दीत रोग पसरतो, आणि माणसाला न भिणारा नर पुढे लहान मुलाच्या अंगावर जातो. मग लोक चिडतात आणि पक्ष्यांना मारायची भाषा करतात. काकांनी पिशवी खिशात घातली. थोड्या वेळाने म्हणाले, "मग मी रोज येतो तर करू काय?" मी म्हटलं, "मादी कुठे बसते तेवढं बघून मला सांगा." त्यांनी छोटी वही केली. कुठलं झुडूप, कुठल्या दिवशी मादी दिसली नाही, नर कुठे पहारा देत उभा होता, हे सगळं त्यांनी लिहून ठेवलं. नर एकाच जागी तासन्‌तास उभा दिसला की घरटं जवळच असतं, हे त्यांनी कुणी न सांगता ओळखलं. आता वसाहतीतले आणखी काही आजी-आजोबा हे करतात, आणि त्यांच्या नोंदींवरच आमचं वेळापत्रक बसतं.

अंड्यांवर काम केल्याने आहेत ते पक्षी कमी होत नाहीत. गूस दहा-वीस वर्षं जगतो. पण एक परिणाम त्याच उन्हाळ्यात दिसतो. पिलं असलेली जोडी पिलांना सोडून जाऊ शकत नाही, ती तिथेच पिसं टाकते. पिलं नसलेल्या जोड्या मात्र मेअखेरीस-जूनमध्ये उत्तरेला, काही तर थेट हडसन उपसागराच्या बाजूला, पिसं टाकायला उडून जातात. आमच्याकडे तेच झालं. मुलं शाळेच्या सुट्टीत बाहेर खेळतात त्याच काळात तळ्याकाठचा बहुतेक थवा निघून गेला.

तरीही माझ्या मते खरं काम काठावर झालं. पाण्यापासून पंधरा-वीस फुटांपर्यंत गवत कापणं बंद करायचं आणि तिथे निदान अडीच-तीन फूट वाढणारी इथलीच झाडं लावायची. एवढ्या उंच, दाट पट्ट्यातून गूसला पलीकडचं दिसत नाही आणि पिलांना घेऊन आत शिरायला तो धजत नाही. हे सांगायला सोपं, करायला दोन हंगाम गेले. तळं हे पावसाच्या पाण्याची व्यवस्था असल्याने टाउनशिपच्या इंजिनिअरची संमती लागली. बांधावर मोठी झाडं नकोत, कारण मुळं बांध पोखरतात, आणि पाणी बाहेर पडायची जागा मोकळी हवी, या त्यांच्या अटी रास्त होत्या. मग रहिवाशांचे आक्षेप आले. पाणी दिसणार नाही, साप येतील, गोचिडी वाढतील. गोचिडीची भीती न्यू जर्सीत खरी आहे, गोचिडीतून होणारा लाइम रोग इथे घरोघरी ठाऊक आहे. म्हणून पायवाटेच्या दोन्ही बाजूंना कापलेल्या गवताचा रुंद पट्टा राखला आणि बाकांसमोर झाडं ठेंगणी निवडली. स्विचग्रास, लिटल ब्लूस्टेम, जो-पाय वीड, निळा आयरिस आणि स्वॅम्प मिल्कवीड आम्ही लावलं. कोवळी रोपं गीस उपटून टाकतात, त्यामुळे पहिल्या वर्षी खुंट्या ठोकून त्यावर दोन पातळ्यांवर दोऱ्या ताणाव्या लागल्या. मोनार्क फुलपाखरं मिल्कवीडवर अंडी घालायला आली, तेव्हा सर्वांत जास्त तक्रार करणाऱ्या घरातली मुलगी तिथे रोज अळ्या बघायला येऊन बसू लागली. तिच्या वडिलांनी त्यानंतर तक्रार केली नाही.

तळं स्वच्छ झालं असं मी म्हणणार नाही. जुलैत शेवाळ अजून धरतं, कारण गीसच्या विष्ठेइतकंच ते हिरवळीवर टाकलेल्या खतानेही वाढतं. माती तपासल्याशिवाय साध्या हिरवळीला फॉस्फरस घालू नये, असा न्यू जर्सीचा २०११चा कायदा आहे. आमच्या बागकामाच्या कंत्राटात त्याचा उल्लेख नव्हता, तो आता घालून घेतला. शरद ऋतूत उत्तरेकडून खरे स्थलांतरित थवे उतरतात, दोन-चार दिवस थांबतात आणि पुढे जातात. त्यांना आम्ही अजिबात हुसकावत नाही. वर्षभर राहणाऱ्या काही जोड्या आहेत आणि राहतील. पायवाटेवर पुन्हा माणसं दिसतात, व्हीलचेअरवरच्या आजीही येतात.

कुणाला आपल्या वसाहतीत हे करायचं असेल तर थंडीतच सुरुवात करा. नोंदणी फेब्रुवारीत, छत्री आणि तेल मार्चच्या पहिल्या आठवड्यात तयार, काठावरची रोपं एप्रिल-मेमध्ये. घरटं एकही सापडलं नाही तरी ऑक्टोबरचा अहवाल भरा.

आमचा दक्षिणेचा काठ अजून उघडा आहे. तिथे तीन घरांच्या मागचं अंगण थेट पाण्याला लागतं आणि सगळ्यांची संमती मिळाल्याशिवाय बोर्ड झाडं लावू देत नाही. दोन घरांनी होकार दिला आहे. तिसऱ्या घरच्यांना समोरचं पाणी मोकळं हवं आहे, म्हणून त्यांच्यासाठी फक्त गुडघ्याएवढी वाढणारी झाडं निवडून मी नवा नकाशा काढला आहे. तो घेऊन येत्या रविवारी त्यांच्याकडे जाणार आहे.